विश्लेषण : हिंदी सिनेमाची ‘एकटी आई’ साकारणाऱ्या लीला चिटणीस प्रत्यक्षात कशा होत्या?

पांढरी साडी, सततचा खोकला आणि मुलाच्या वाटेकडे लागलेले डोळे. हिंदी सिनेमातील एकटी आई म्हटले की हेच चित्र समोर येते. अनेकांना त्यासाठी निरुपा रॉय आठवतात. मात्र हा साचा त्याआधीच तयार झाला होता आणि त्यात लीला चिटणीस यांचा वाटा मोठा होता. या मराठी अभिनेत्रीने स्वतःही पतीपासून विभक्त झाल्यावर चार मुलांसाठी कमाई केली. पण पडद्यावर त्यांना मिळालेली आई त्यांच्यासारखी नव्हती.

शाळेतून स्टुडिओत

लीला चिटणीस यांचा जन्म १९०९ मध्ये धारवाडचा. वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. कमी वयातच त्यांचे लग्न वयाने बरेच मोठे असलेल्या डॉ. गजानन चिटणीस यांच्याशी झाले. पुढे दोघे वेगळे झाले. तो काळ लक्षात घ्यायला हवा. हिंदू विवाह कायद्याने देशभर घटस्फोटाची तरतूद झाली ती १९५५ मध्ये. त्याच्या बरीच वर्षे आधी ही पदवीधर तरुणी शाळेत शिकवत होती, ‘नाट्यमन्वंतर’च्या नाटकांत काम करत होती आणि चित्रपटांत एक्स्ट्रा म्हणूनही उभी राहत होती. घर चालवायचे होते.

‘बॉम्बे टॉकीज’च्या ‘कंगन’ने (१९३९) त्यांना स्टार केले. त्यानंतर ‘बंधन’ आणि ‘झूला’ आले. नायक अशोक कुमार, त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय अभिनेत्री म्हणूनही त्यांचेच नाव घेतले जाते.

चाळिशीच्या आधीच ‘आई’

१९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीप कुमार यांच्या आई झाल्या. वय ३९. पडद्यावरचा मुलगा जेमतेम १३ वर्षांनी लहान! नायिकेच्या भूमिका थांबल्या की आईच्या भूमिका, हा इंडस्ट्रीचा नियम त्यांनाही लागू झाला.

राज कपूर यांच्या ‘आवारा’ने (१९५१) मात्र त्यांना मोठी भूमिका दिली. दरोडेखोराने पळवून नेलेली पत्नी परत येते, ती गरोदर असल्याचे कळते आणि पती तिला घराबाहेर काढतो. हा पती स्वतः न्यायाधीश! ती मुंबईच्या गरीब वस्तीत एकटीने मुलाला वाढवते, त्याने वकील व्हावे म्हणून धडपडते. मुलगा गुन्हेगारीकडे वळतो, पण चित्रपट त्याचा दोष आईवर टाकत नाही, तिला हाकलणाऱ्यावर टाकतो. त्या काळासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

‘गंगा जमुना’मध्ये (१९६१) त्या विधवा आई आहेत. चोरीचा खोटा आळ येतो आणि त्या धक्क्याने आई मरते. एकटी आई सहानुभूतीला पात्र ठरायची ती अशी : पती मेलेला असावा किंवा त्याने अन्याय केलेला असावा. स्वतःहून वेगळी झालेली, पगार घरी आणणारी आई त्यांच्या या गाजलेल्या भूमिकांत सापडत नाही.

‘गाइड’ आणि उलटा योग

‘गाइड’मध्ये (१९६५) तर वेगळाच योग जुळून आला. पतीला सोडून आलेली नर्तकी रोझी राजूच्या घरी राहते. राजूच्या आईला लोकांच्या बोलण्याचा त्रास होतो आणि शेवटी तीच घर सोडून निघून जाते. ही आई लीला चिटणीस यांनी केली. संसारातून बाहेर पडून रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या स्त्रीने! ही भूमिका त्यांनी अजिबात खलनायकी केली नाही. भाबडी, दुखावलेली बाई म्हणूनच ती लक्षात राहते.

कॅमेऱ्यामागेही त्यांनी काम केले. ‘आज की बात’ (१९५५) हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. १९८१ मध्ये ‘चंदेरी दुनियेत’ हे मराठी आत्मचरित्र आले. १९८० च्या दशकात काम थांबवून त्या मुलांकडे अमेरिकेला गेल्या. १४ जुलै २००३ रोजी कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथे, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.