थॉमस मेरिट : खाणीतला मुलगा ते संगीतकार

विद्यार्थी मित्रांनो, ब्रिटनचा नकाशा उघडा आणि खाली डावीकडच्या कोपऱ्यात बोट ठेवा. समुद्रात शिरलेलं ते निमुळतं टोक म्हणजे कॉर्नवॉल. इथल्या लोकांची कॉर्निश नावाची स्वतःची भाषा होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती रोजच्या बोलण्यातून गेली. मग या लोकांनी आपली ओळख कशात जपली? बरीचशी गाण्यांत! अशा गाण्यांना चाली देणाऱ्या एका माणसाची गोष्ट आज आपण पाहू.

थॉमस मेरिट यांचा जन्म १८६३ साली इलोगन या गावी झाला. आजूबाजूला सगळ्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी. लहानपणीच वडील गेले आणि वयाच्या अकराव्या वर्षी थॉमस खाणीच्या कामाला लागले. तुमच्यापैकी काहीजण आत्ता त्याच वयाचे असाल, नाही का? पण त्यांची प्रकृती तोळामासा. ते कष्ट शरीराला झेपेनात, शेवटी खाण सोडावी लागली.

आता पोटासाठी काय करायचं? त्यांनी संगीताची वाट धरली. शिकायला पैसा नव्हता. थोडीफार शिकवणी मिळाली, बाकी सगळं स्वतःच्या मेहनतीने. पुढे ते मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थनागृहात ऑर्गन वाजवू लागले, मुलांना संगीत शिकवू लागले आणि नाताळच्या गीतांना, म्हणजे कॅरोलना, चाली देऊ लागले.

या चालींचं वैशिष्ट्य काय? सगळेजण एकच सूर गात नाहीत. पुरुषांच्या एका गटाने ओळ सुरू केली की दुसरा गट ती मागून उचलतो, मग तिसरा, आणि शेवटी सगळे आवाज एकत्र येतात. खाणकामगारांच्या दमदार गळ्याला हे गाणं अगदी शोभून दिसायचं. शब्द इंग्रजी, पुष्कळदा जुन्याच भजनांचे. पण चाल ऐकली की कॉर्नवॉलचा माणूस लगेच म्हणणार, हे आमचं!

याच काळात कॉर्नवॉलवर मोठं संकट आलं होतं. १८६६ साली तांब्याचे भाव कोसळले आणि खाणी बंद पडू लागल्या. हजारो खाणकामगार गाव सोडून ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिकेत गेले. काहीजण तर आपल्या भारतातही, कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत आले. घरदार मागे राहिलं, गाणी मात्र बरोबर गेली. ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावी तर १८९३ साली कॉर्निश कॅरोलचा संग्रहच छापला गेला. मेरिट यांच्या चालीही अशाच सातासमुद्रापार पोहोचल्या. अमेरिकेतल्या ग्रास व्हॅली या खाणगावात कॉर्निश गायकवृंदाने त्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या.

मेरिट स्वतः मात्र आयुष्यभर आजारीच राहिले. १९०८ साली, अवघ्या ४४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्यामागे संपत्ती नव्हती, होत्या फक्त चाली.

२०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. त्याच्या कितीतरी आधीपासून हे लोक दर नाताळात एकत्र उभे राहून मेरिट यांच्या चाली गात होते, आणि आजही गातात.

मित्रांनो, आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या घरात फक्त आजीलाच येतं असं एखादं गाणं आहे का? असेल तर या आठवड्यात तिच्याकडून ते चालीसकट शिकून घ्या. शब्द वहीत उतरवता येतात. चाल मात्र गळ्यातूनच गळ्यात जाते.