गुस्ताव दोरे

पॉल गुस्ताव लुई क्रिस्तोफ दोरे (जन्म: ६ जानेवारी १८३२, स्ट्रासबर्ग, मृत्यू: २३ जानेवारी १८८३, पॅरिस) हे फ्रेंच ग्रंथचित्रकार, रंगचित्रकार व शिल्पकार होते. मिगेल दे सेर्व्हांतेस यांच्या ‘दोन किखोते’ (इंग्रजी वळणाने ‘डॉन क्विक्झोट’) या स्पॅनिश कादंबरीसाठी त्यांनी काढलेली चित्रे विशेष प्रसिद्ध आहेत.

सुरुवातीचे जीवन

दोरे यांचे वडील अभियंता होते. वयाच्या पंधराव्या वर्षी दोरे पॅरिसमधील शार्ल फिलिपाँ यांच्या विनोदी साप्ताहिकासाठी व्यंगचित्रे काढू लागले. दान्तेच्या ‘इन्फेर्नो’च्या सचित्र आवृत्तीचा खर्च करण्यास प्रकाशक धजावेना, तेव्हा १८६१ मध्ये त्यांनी ती स्वखर्चाने काढली. तिच्या यशामुळे पुढील मोठ्या ग्रंथांचा मार्ग मोकळा झाला.

स्पेन आणि ‘दोन किखोते’

कलासंग्राहक शार्ल दाव्हिल्ये यांच्यासह दोरे यांनी स्पेनचा प्रवास केला. त्याचे सचित्र वर्णन १८६२ पासून नियतकालिकात क्रमशः व १८७४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. स्पेनमधील उजाड माळ, खाणावळी व माणसे त्यांच्या ‘दोन किखोते’मध्येही दिसतात. लुई व्हियार्दो यांच्या फ्रेंच अनुवादाची ही दोन खंडांची आवृत्ती आशेत या प्रकाशनसंस्थेने १८६३ मध्ये काढली. पहिल्याच चित्रात खुर्चीत बसून वाचणाऱ्या नायकाभोवती त्याच्या कल्पनेतील राक्षस व सरदार दाटलेले दिसतात. उंच, कृश किखोते आणि ठेंगणा, स्थूल सांचो पांझा ही जोडी पुढील अनेक चित्रकारांनी याच रूपात रेखाटली.

कार्यपद्धती

दोरे शाई व पांढऱ्या रंगाने थेट लाकडी ठोकळ्यावर चित्र काढीत. कोरक्या ते कोरून छपाईचा ठसा तयार करी. कोरताना मूळ चित्र नष्ट होई, त्यामुळे वाचकाला दिसते ती रेषा कोरक्याच्या हातची असते. ‘दोन किखोते’चे ठसे एलिओदोर पिझाँ यांनी कोरले. चित्रांवर दोरे यांच्यासह त्यांचेही नाव आढळते.

उत्तरायुष्य

रंगचित्रकार म्हणून मान्यता मिळावी, ही दोरे यांची तीव्र इच्छा होती. लंडनमध्ये त्यांच्या चित्रांचे कायमस्वरूपी दालन उघडले व तेथे मोठी गर्दी होई; फ्रेंच समीक्षकांनी मात्र त्यांना मुख्यतः ग्रंथचित्रकारच मानले. ते अविवाहित होते व आईसोबत राहत. १८८१ मध्ये आईचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या ५१व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या रंगचित्रांपेक्षा ग्रंथचित्रेच आज अधिक परिचित आहेत.