सत्येंद्रनाथ बोस

सत्येंद्रनाथ बोस (१ जानेवारी, इ.स. १८९४:कोलकाता - ४ फेब्रुवारी, इ.स. १९७४:कोलकाता) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. अतिशीत वायूंतील अणूंच्या वर्तनाचा उलगडा करणारी बोस-आइन्स्टाइन सांख्यिकी त्यांच्या नावाने ओळखली जाते. ती पाळणाऱ्या कणांना पॉल डिरॅक यांनी बोसॉन हे नाव दिले.

१९१५ साली बोस एम.एस्सी. परीक्षेत पहिले आले. दुसरा क्रमांक मेघनाद साहा यांचा होता. पुढे या दोघांनी आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील लेखांचा इंग्रजी अनुवाद केला. १९२१ पासून बोस ढाका विद्यापीठात अध्यापन करू लागले.

प्लांक यांच्या प्रारण नियमाच्या सिद्धतेत जुन्या विद्युतचुंबकीय सिद्धान्ताचा आधार घेतलेला होता, ही विसंगती बोस यांना खटकत होती. १९२४ साली त्यांनी तो आधार टाळून नियम सिद्ध केला. प्रकाशकण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत, हे त्यातील मर्म होय. दोन नाणी उडवल्यास दोन्हींवर छापा पडण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, कारण छापा-काटा आणि काटा-छापा हे निराळे प्रकार धरले जातात. नाणी प्रकाशकणांसारखी असती, तर ते दोन्ही प्रकार एकच ठरून ही शक्यता एक तृतीयांश झाली असती. एकाच अवस्थेत जमण्याकडे बोसॉनांचा कल असतो, तो यामुळेच.

इंग्लंडमधील नियतकालिकात हा लेख छापला गेला नाही. तेव्हा बोस यांनी तो थेट आइन्स्टाइन यांना पाठवला. त्यांनी स्वतः जर्मन अनुवाद करून तो प्रसिद्ध करविला.

येथे श्रेयाची विभागणी नीट ध्यानी घ्यावयास हवी. बोस यांचा लेख प्रकाशापुरता होता. ही गणनपद्धती अणूंना लावून, पुरेशा थंड वायूतील असंख्य अणू न्यूनतम ऊर्जेच्या एकाच अवस्थेत गोळा होतील, हे भाकीत आइन्स्टाइन यांनी केले. संघनिताच्या नावात बोस आहेत ते त्या गणनपद्धतीमुळे, आणि तो मान लहान नव्हे.

डॉक्टरेट नसतानाही आइन्स्टाइन यांच्या शिफारशीमुळे बोस १९२६ च्या सुमारास ढाक्यात प्राध्यापक झाले. १९४५ साली ते कोलकात्यास परतले. विज्ञान मातृभाषेतून शिकवावे या आग्रहातून त्यांनी १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापली. एसराज हे वाद्यही ते वाजवीत. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. नोबेल मात्र कधीच मिळाले नाही.

त्यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी, जून १९९५ मध्ये, अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल व कार्ल वायमन यांनी रुबिडियमचा वायू निरपेक्ष शून्याच्या वर केल्विनच्या सुमारे १७० अब्जांशांपर्यंत थंड केला आणि सुमारे २,००० अणूंचे संघनित मिळवले. सोडियमचे संघनित करणारे वोल्फगांग केटर्ले यांच्यासह त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.