मेंदूच्या राखणदारांचा शोध

मुलांनो, शाळेत हेडमास्तरांचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा शिपाई नसेल तर शाळा एक दिवस तरी नीट चालेल का? आपल्या मेंदूचेही तसेच आहे. विचार करणाऱ्या चेतापेशींची कीर्ती मोठी. त्यांच्याभोवती राबणाऱ्या साहाय्यक पेशींकडे मात्र पुष्कळ वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ज्यांनी आपले आयुष्य या पेशींसाठी वेचले, त्या शास्त्रज्ञाची ही कहाणी आहे. त्यांचे नाव पिओ देल रिओ ओर्तेगा.

ओर्तेगा यांचा जन्म ५ मे १८८२ रोजी स्पेनमधील पोर्तियो या लहानशा गावी झाला. वायादोलिद येथे शिकून १९०५ साली ते डॉक्टर झाले. काही काळ त्यांनी आपल्या गावी डॉक्टरकी केली. पण त्यांचे मन सूक्ष्मदर्शकात गुंतले होते. म्हणून ते माद्रिदला आले. तेथे आचूकारो नावाचे प्रेमळ गुरू त्यांना लाभले. जवळच थोर शास्त्रज्ञ काहाल काम करीत होते. काहालांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९१८ मध्ये आचूकारो तरुण वयातच वारले. ओर्तेगा यांना फार दुःख झाले, पण त्यांनी काम सोडले नाही.

मेंदूतील काही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसतच नसत. काहालांनी त्यांना ‘तिसरा घटक’ म्हटले होते. ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराचे द्रावण तयार केले आणि मेंदूचे पातळ काप त्यात बुडवले. मग काय आश्चर्य! लपलेल्या पेशी काळ्याभोर रंगात उठून दिसू लागल्या. त्या एक नव्हे, दोन प्रकारच्या होत्या. १९१९ मध्ये त्यांनी पहिल्या प्रकाराला ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. मेंदूला इजा झाली की या पेशी आकार बदलतात, तेथे धावून जातात आणि मेलेला भाग खाऊन जागा साफ करतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी चेतातंतूंवर आवरण घालतात.

हा शोध काहालांना लगेच पटला नाही. प्रयोगशाळेतही कुरबुरी वाढल्या. अखेर १९२० मध्ये काहालांनी ओर्तेगा यांना प्रयोगशाळा सोडायला सांगितले. मुलांनो, ज्याला आपण थोर मानतो त्यानेच दार बंद केले, तर कसे वाटेल? ओर्तेगा खचले नाहीत. विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहातील लहान प्रयोगशाळेत त्यांनी काम चालू ठेवले. पुढे त्यांची पद्धत शिकण्यासाठी १९२४ मध्ये पेनफिल्ड हे तरुण शल्यचिकित्सक अमेरिकेतून माद्रिदला आले.

ओर्तेगा यांनी मेंदूतील गाठींचाही बारकाईने अभ्यास केला. अनेक गाठी साहाय्यक पेशींपासूनच वाढतात. त्या गाठींचे प्रकार त्यांनी ठरवले. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि त्यांना देश सोडावा लागला. पॅरिस, ऑक्सफर्ड असा प्रवास करीत ते १९४० मध्ये अर्जेंटिनातील ब्युनॉस आयर्स शहरी पोहोचले. तेथे त्यांनी जी प्रयोगशाळा चालवली, तिला काहालांचे नाव होते! गुरूंबद्दलचा राग त्यांनी मनात धरला नाही. ज्या रोगाचा त्यांनी अभ्यास केला, त्याच कर्करोगाने १ जून १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. १९८६ मध्ये त्यांचे अवशेष वायादोलिदला आणण्यात आले.

त्यांच्या कामाचे मोल आज अधिकच कळते. मेंदूच्या सर्वांत घातक गाठीत अनेकदा एकतृतीयांश किंवा त्याहूनही अधिक पेशी मायक्रोग्लिया आणि रक्तातून आलेल्या त्यांच्या भाऊबंद पेशी असतात. त्या गाठीशी लढायला आलेल्या असतात. पण गाठ रासायनिक निरोप पाठवून त्यांना फितवते. मग त्या गाठीलाच वाढायला मदत करतात आणि इतर रक्षक पेशींना रोखतात. कुंपणच शेत खाऊ लागते! अशा फितूर पेशी जास्त असतील, तर बहुधा रुग्ण बरा होण्याची आशा कमी असते. म्हणून डॉक्टर आता केवळ गाठ पाहत नाहीत, तिच्या शेजारच्या पेशीही पाहतात. या राखणदारांना पुन्हा आपल्या बाजूला वळवता येईल का, याचे प्रयोग चालू आहेत.

मुलांनो, ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही त्यांच्याकडे ओर्तेगा यांनी लक्ष दिले. तुम्हीही आपल्या आसपास तसे पाहायला शिका.