सुभेदार रामजी सकपाळ

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचे एक लहानसे खेडे आहे. डोंगरउतारावरची थोडीशी शेती आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे ओढे, असे कोकणातील इतर खेड्यांसारखेच ते खेडे. सकपाळ घराणे मूळचे या गावचे. महार जातीतील या घराण्याला गावात मान नव्हता. त्यांना गावाबाहेर राहावे लागे. सार्वजनिक पाणवठा त्यांना बंद होता आणि त्यांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळणे अतिशय कठीण होते. अशा काळात या घराण्यातील मालोजी सकपाळ यांनी गावाबाहेरची वाट धरली आणि ते इंग्रजांच्या मुंबई लष्करात शिपाई म्हणून दाखल झाले. रामजी हे त्यांचे पुत्र.

त्या काळी लष्कराची एक रीत होती. पलटणीतील शिपायांच्या मुलामुलींसाठी छावणीतच शाळा असत आणि त्या मुलांना शिकणे सक्तीचे असे. गावच्या शाळेने ज्यांना दूर ठेवले, त्यांना पलटणीच्या शाळेत पाटी आणि लेखणी मिळाली. रामजींनी या संधीचे सोने केले. पित्याच्या मागोमाग तेही लष्करात गेले. पुढे पुणे येथील लष्करी अध्यापक शाळेत त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. हे काम त्यांनी चौदा वर्षे केले. मराठीवर त्यांचे उत्तम प्रभुत्व होते, इंग्रजीही त्यांना चांगले येत असे. शिस्त, टापटीप आणि वेळेचे भान हे लष्करी गुण त्यांच्या अंगी भिनले होते. चढत चढत ते सुभेदाराच्या हुद्द्यास पोहोचले.

रामजींचा विवाह भीमाबाईंशी झाला. भीमाबाई मुरबाडकर घराण्यातील होत्या. त्यांचे वडीलही लष्करात सुभेदार होते. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली, परंतु त्यांतील बहुतेक बालपणीच दगावली. बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन पुत्र व मंजुळा आणि तुळसा या दोन कन्या तेवढ्या वाढल्या. भीमराव हे चौदावे अपत्य. रामजींची पलटण मध्य भारतातील महू येथील छावणीत असताना, १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला.

याच सुमारास रामजींच्या समाजावर एक मोठा आघात झाला. ज्या लष्करात महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या इमाने-इतबारे चाकरी केली होती, त्या लष्कराची दारे सरकारने १८९२ साली त्यांना बंद केली. काही जाती लढवय्या आणि काही जाती तशा नव्हेत, असा एक खोटा समज तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांत बळावला होता. या निर्णयामुळे केवळ नोकऱ्याच गेल्या असे नाही. पलटणीबरोबर पलटणीची शाळाही गेली, आणि शिपायाच्या मुलाला मिळणारे विद्येचे एकमेव द्वार बंद झाले. रामजी स्वस्थ बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या साहाय्याने सरकारकडे अर्ज करण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला. अर्जाला यश आले नाही. परंतु शस्त्राचे दार बंद झाले तरी विद्येचे दार आपल्या मुलांसाठी उघडलेच पाहिजे, हा ध्यास त्यांनी आयुष्यभर धरला.

निवृत्त झाल्यावर रामजींना दरमहा ५० रुपये निवृत्तिवेतन मिळू लागले. त्यांनी आपले बिऱ्हाड कोकणात दापोली येथे हलविले. तेथे लष्करातून निवृत्त झालेली अनेक कुटुंबे राहत असत. एवढ्या वेतनात मोठ्या कुटुंबाचा निर्वाह होईना, म्हणून त्यांनी साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात कोठारावर नोकरी धरली. साताऱ्यास येऊन थोडा काळ लोटतो न लोटतो तोच, १८९६ साली भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. मुलांचे संगोपन रामजींच्या भगिनी मीराबाई यांनी मायेने केले.

रामजी कबीरपंथी होते. कबीराच्या मार्गात जातीचा उच्चनीच भेद मानीत नाहीत. मद्यमांसाला ते शिवत नसत. त्यांच्या घरी सकाळ-सायंकाळ भजन होई आणि मुलांनी त्यास हजर राहिलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. संतांचे अभंग, रामायण आणि महाभारत ते मुलांना वाचून दाखवीत. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून तर्खडकरांच्या पुस्तकांतील भाषांतराचे पाठ ते मुलांकडून करवून घेत. महात्मा जोतीराव फुले यांच्या कार्याविषयी त्यांना आदर होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पुढे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात तलावाचे काम काढले, तेव्हा रामजींची नेमणूक तेथे खजिनदार म्हणून झाली. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले त्यांना भेटण्यास निघाली. येत असल्याचे पत्र मुलांनी धाडले होते, पण ते रामजींच्या हाती पडलेच नाही. मसूर स्थानकावर मुले उतरली, तेव्हा त्यांना न्यायला कोणीही आले नव्हते. नवे कपडे ल्यालेली ही मुले महारांची आहेत असे कळताच गाडीवान त्यांना गाडीत घेईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी या अटीवर. शिदोरी जवळ असूनही मुले रात्रभर उपाशी राहिली, कारण कोणीही त्यांना पिण्याचे पाणी दिले नाही. दुसऱ्या दिवशी मुले मुक्कामी पोहोचली. सुभेदार म्हणून ज्याला पलटणीत सलाम मिळत, त्याच्या मुलांना रस्त्यावर घोटभर पाणी मिळू नये, हे त्या काळचे कठोर वास्तव होते. भीमरावांच्या मनावर त्या प्रवासाचा ठसा कायमचा उमटला.

त्यानंतर काही वर्षांनी रामजींनी मुंबई गाठली. परळच्या डबक चाळीत त्यांनी एक खोली घेतली. तीच माजघर, तीच स्वयंपाकघर आणि तीच अभ्यासाची जागा. दिवसाच्या गजबजाटात अभ्यास होणे अशक्य होते. म्हणून रामजींनी एक युक्ती योजली. ते भीमरावांना लवकर झोपवीत आणि स्वतः जागत बसत. रात्री दोन वाजले की मुलाला उठवून अभ्यासास बसवीत आणि मग त्याच जागेवर आपण अंग टाकीत. भीमरावांना पुस्तकांचे विलक्षण वेड होते. हवे असलेले पुस्तक आणण्यास हातात पैसे नसले, तर रामजी लेकीच्या सासरी जात आणि तिच्याकडून काही रुपये मागत. तिच्याजवळही रुपये नसले, तर तिचा एखादा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत.

या कष्टांचे चीज झाले. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण पुरे केले आणि १९१३ च्या आरंभी ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव तातडीने मुंबईस निघाले. वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते वाटेत सुरतेस उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले, तेव्हा रामजींचे प्राण जणू त्यांच्यासाठीच थांबले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून थरथरता हात फिरविला आणि थोड्याच वेळात इहलोक सोडला. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी भीमराव उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. महारांच्या लष्करभरतीची दारे पुढे पुन्हा उघडली आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. भीमराव तर स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. हे वैभव पाहण्यास रामजी हयात नव्हते. परंतु १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांचे ऋण मान्य केले. चाळीतल्या एका खोलीत रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या वृद्ध सुभेदाराचे ते खरे स्मारक होय.