परदेशी विद्यार्थी जोसेफ नीसिमा

विद्येकरिता घर सोडून परक्या ठिकाणी राहणे ही गोष्ट आपल्या मंडळ्यांस नवीन नाही. खेड्यातील मुलगा तालुक्याच्या बोर्डिंगात जातो, मुलगी शहरातील वसतिगृहात राहते, आणि अलीकडे तर काही कुटुंबांतील मुले समुद्रापलीकडेही शिकावयास जातात. फी, पुस्तके व प्रवासखर्च ह्यांची काळजी आईबाप पुष्कळ वाहतात. परंतु आपले मूल कोणाच्या छपराखाली निजणार, कोणाच्या पंगतीस बसणार आणि तापाने पडले तर त्याच्या उशाशी कोण बसणार, हा विचार बहुधा मागे पडतो. वास्तविक पाहता विद्येचे अर्धे यश ह्यावरच अवलंबून असते. हे ज्याच्या चरित्रावरून स्पष्ट दिसते अशा एका जपानी गृहस्थाची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव जोसेफ हार्डी नीसिमा. जपानी लोक त्यांस नीजिमा जो असे म्हणतात.

इ. स. १८४३ साली एदो शहरात, म्हणजे हल्लीच्या टोकियोत, आन्नाका येथील सरदाराच्या वाड्यात त्याचा जन्म झाला. घराणे सामुराई म्हणजे शस्त्रधारी वर्गाचे होते. बाप सरदाराच्या पदरी कारकुनी करी व मुलांस सुलेखन शिकवी. आधी चार मुली झाल्या होत्या. त्यांच्या पाठीवर हा मुलगा झाला तेव्हा आजोबांच्या तोंडून आनंदाचा जो उद्गार निघाला, त्यावरूनच त्याचे शिमेता हे नाव पडले अशी आख्यायिका आहे.

त्या काळी जपानचे दरवाजे परकीयांस जवळजवळ बंद होते, आणि जपानी मनुष्याने परवानगीवाचून देश सोडल्यास त्यास देहान्त शासन होते. शिमेता डच भाषा शिकला, नौकानयनाची विद्या शिकला. बंदरात आलेले डच लढाऊ जहाज पाहून आपला देश किती मागे आहे हे त्याच्या मनास लागले. पुढे ब्रिजमन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने चिनी भाषेत लिहिलेले अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे वर्णन त्याच्या हाती पडले. जेथे लोक आपला अध्यक्ष आपण निवडतात आणि गरिबांच्या मुलांकरिता शाळा असतात असा देश जगात आहे, हे वाचून तो थक्क झाला. चिनी भाषेतील ख्रिस्ती पुस्तकेही त्याने गुप्तपणे वाचली. आकाश व पृथ्वी उत्पन्न करणारा एक पिता आहे, आणि मनुष्यावर सरदाराच्या व आईबापांच्या आज्ञेपेक्षाही मोठी अशी एक आज्ञा आहे, हा विचार तेथून त्याच्या मनात घर करून बसला.

१८६४ साली तो उत्तरेकडील हाकोदाते बंदरी गेला. तेथे निकोलाय नावाच्या रशियन धर्मगुरूच्या घरी तो राहिला व त्यांस जपानी भाषा शिकवू लागला. त्याच बंदरात एका मित्राने त्यास मदत केली. जुलै महिन्यातील एके रात्री लहान होडीत बसवून त्याने शिमेतास बर्लिन नावाच्या अमेरिकन जहाजावर पोहोचविले. कप्तान सेव्हरी यांनी त्यास लपवून ठेवले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आईबापांचा निरोप घेता आला नव्हता, आणि पकडला गेला असता तर मान वाचली नसती.

ज्या तरुणाच्या कमरेस दोन तलवारी असत, त्यास आता जहाजावर हलकी कामे करावी लागली. इंग्रजी शिकविणाऱ्या एका प्रवाशाने, सांगितलेले समजले नाही म्हणून, एके दिवशी त्यास मारले. सामुराईस हा अपमान मरणाहून वाईट. तो तलवार आणावयास धावला. परंतु वाटेत त्याच्या मनात आले की, एवढेसे सोसवत नसेल तर पुढील मोठी संकटे आपण कशी सोसणार? तो तसाच मागे फिरला. शांघाय येथे तो वाइल्ड रोव्हर ह्या दुसऱ्या अमेरिकन जहाजावर गेला. त्याचे कप्तान होरेस टेलर यांस त्याचे जपानी नाव उच्चारता येईना, म्हणून ते त्यास जो म्हणू लागले. हाँगकाँग येथे चिनी भाषेतील नवा करार विकत घ्यावा अशी त्यास इच्छा झाली, पण जपानी नाणे तेथे कोणी घेईना. तेव्हा त्याने आपली धाकटी तलवार कप्तानास विकली आणि त्या पैशातून ते पुस्तक घेतले.

१८६५ च्या जुलैत जहाज बोस्टनास लागले. परंतु बंदरास लागणे निराळे आणि आसरा मिळणे निराळे. कप्तान आपल्या घरी गेले. जो मात्र कित्येक आठवडे जहाजावरच राहून खलाशांबरोबर जड कामे करीत राहिला. अमेरिकेत अंतर्गत युद्ध नुकतेच संपले होते, महागाई फार होती, आणि परक्या मुलास पोसून कोण शिकविणार असे लोक त्यास सांगत. ज्या देशासाठी त्याने प्राण पणास लावले, त्या देशाच्या काठावर पोहोचून विद्येचे दार बंदच राहते की काय, अशी त्यास भीती पडली. रोज रात्री तो प्रार्थना करी.

ते दार उघडले जहाजाच्या मालकाने. अल्फियस हार्डी हे बोस्टनचे व्यापारी अमेरिकन बोर्डाच्या कार्यकारी समितीवर काम करीत. ज्या बोर्डाने १८१३ साली मुंबईस व १८३१ साली अहमदनगरास आपले मिशन उघडले, तोच हा बोर्ड; तेव्हा ह्या कथेचा धागा आपल्या मुलखापर्यंतही पोहोचतो. हार्डी यांनी त्या तरुणास आपण देश का सोडला हे लिहून काढावयास सांगितले. त्याचे इंग्रजी मोडकेतोडके होते, परंतु ते वाचून पतिपत्नींची अंतःकरणे द्रवली आणि त्याच्या शिक्षणाचा सर्व भार त्यांनी आपल्यावर घेतला. पुढे त्याने त्यांचे आडनाव आपल्या नावात घातले आणि जो ह्या नावाचे जोसेफ झाले.

येथे हार्डी यांचा शहाणपणा वाचकांनी लक्षात घ्यावा. केवळ पैसे भरून ते थांबले नाहीत. १८६५ च्या शरद ऋतूत त्यांनी जोसेफास अँडोव्हर गावच्या फिलिप्स अकॅडमीत घातले, आणि राहावयास मिस मेरी हिडन यांच्या घरी ठेवले. ह्या बाई आपल्या भावासह राहत. त्याच घरात एफ्रेम फ्लिंट नावाचे ईश्वरविद्येचे विद्यार्थी आपल्या पत्नीसह बिऱ्हाड करून होते.

नवीन घरात त्यास किती गोष्टी निराळ्या वाटल्या असतील ह्याची कल्पना करावी. जपानात जमिनीवर चटया अंथरलेल्या असतात. त्यांवरच बसणे, त्यांवरच निजणे. येथे खुर्ची, टेबल व पलंग. तेथे भात आणि मासे, येथे पाव, मांस व बटाटे. तेथे काड्यांनी जेवणे, येथे काटे आणि सुरी. न्यू इंग्लंडचा हिवाळा एदोच्या हिवाळ्याहून कितीतरी कडक, आणि बर्फ महिनोगणती पडून राहणारे. शाळेत पाहावे तर वर्गातील मुले त्याच्याहून वयाने लहान आणि भाषेत त्याच्याहून पुढे. एखादा मानी तरुण अशा ठिकाणी खचला असता.

जोसेफ खचला नाही, ह्याचे मोठे कारण ते घर होते. शाळेतून आल्यावर फ्लिंट पतिपत्नी त्याचा अभ्यास घेत, गणितात जेथे अडे तेथे समजावून सांगत आणि पवित्र शास्त्राचे अर्थ सांगत. मिस हिडन त्याच्याकडे पैसे भरणारा बिऱ्हाडकरू म्हणून न पाहता घरच्या मुलाप्रमाणे पाहत. घरात एकत्र प्रार्थना होई, तीत तोही बसे. सुट्टी लागली म्हणजे परदेशी विद्यार्थ्याचा एकांत दुप्पट होतो, कारण बाकीची मुले आपापल्या घरी जातात. परंतु तीतही त्याची सोय झाली. समुद्रकाठी चॅटहॅम येथे कप्तान टेलर यांच्या कुटुंबात तो पाहुणा म्हणून राहून आला. पुढे फ्लिंट हिन्सडेल येथे पाळक झाले, तेव्हा त्यांच्याही घरी त्याचे जाणेयेणे राहिले. १८६६ च्या डिसेंबराच्या ३० व्या तारखेस अँडोव्हर येथे त्याचा बाप्तिस्मा झाला. तर्कवादाने त्यास कोणी जिंकले नव्हते. ज्या धर्माविषयी त्याने चिनी पुस्तकांत वाचले होते, तो एका घरात रोजच्या रोज चालविला जाताना त्याने पाहिला.

१८६७ साली तो अ‍ॅम्हर्स्ट महाविद्यालयात गेला. तेथे विल्यम हॉलंड हा त्याचा खोलीतील सोबती. हा पुढे प्राणिशास्त्राचा नामांकित पंडित झाला. परदेशी सोबत्यास आपली भाषा शिकविण्यात त्याने समाधान मानिले नाही; तो जोसेफापाशी जपानी शिकू लागला. ज्याच्यापाशी आपण काही शिकतो त्यास आपण हलका लेखू शकत नाही, हे एकाच खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्मरणात ठेवण्याजोगे आहे. संधिवाताने जोसेफ अंथरुणास खिळला, तेव्हा प्राध्यापक ज्युलियस सीली यांनी त्यास आपल्या घरी नेले आणि त्यांच्या पत्नीने त्याची शुश्रूषा केली. हेच सीली पुढे मुंबईस आले व तेथील सुशिक्षित हिंदू लोकांपुढे त्यांनी व्याख्याने दिली. ती १८७३ साली पुस्तकरूपाने छापून निघाली.

१८७० साली जोसेफास पदवी मिळाली. पाश्चात्य महाविद्यालयाची पदवी घेणारा पहिला जपानी म्हणून त्याचे नाव सांगतात. नंतर तो अँडोव्हर येथे ईश्वरविद्या शिकू लागला. ह्या अवधीत जपानातील राज्यव्यवस्था पालटली होती. वॉशिंग्टन येथील जपानी वकील मोरी आरिनोरी यांनी त्यास रीतसर परवाना मिळवून दिला. त्यामुळे मायदेशी परतण्याचे भय उरले नाही. हार्डी यांनी केलेला खर्च जपान सरकारने फेडावा असेही मोरी यांनी सुचविले. हे जोसेफाने मान्य केले नाही. सरकारचा पैसा घेतला म्हणजे आपण सरकारचे बांधलेले होऊ, आणि जे कार्य मनात आहे ते मोकळेपणाने करता येणार नाही, हे त्याने ओळखले. १८७२ साली जपानी वकिलातीबरोबर दुभाषी म्हणून त्याने युरोपातील शाळा पाहिल्या, आणि परत येऊन १८७४ साली आपला अभ्यास पुरा केला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात रटलंड गावी अमेरिकन बोर्डाची वार्षिक सभा भरली. तीत नीसिमा बोलावयास उभे राहिले. आपल्या देशात ख्रिस्ती महाविद्यालय काढण्यास साहाय्य मिळाल्यावाचून आपण खाली बसणार नाही, असे त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले. तेथल्या तेथे सुमारे ५,००० डॉलरांची वचने मिळाली. सभा संपल्यावर एक गरीब शेतकरी त्यांच्यापाशी आला आणि आगगाडीच्या भाड्याचे दोन डॉलर त्यांच्या हाती ठेवून पायी घरी गेला. एका वृद्ध विधवेनेही तसेच दोन डॉलर दिले. श्रीमंतांच्या मोठ्या रकमांपेक्षा हे चार डॉलर नीसिमा यांनी जन्मभर आठवणीत ठेविले.

दहा वर्षांनी ते मायदेशी परतले व आन्नाका येथे जाऊन आईबापांस भेटले. नंतर १८७५ च्या नोव्हेंबराच्या २९ व्या तारखेस, बौद्ध धर्माचे मोठे केंद्र जे क्योटो शहर तेथे, एका भाड्याच्या घरात त्यांनी दोशिशा नावाची शाळा उघडली. विद्यार्थी आठ होते. मिशनरी जेरोम डेव्हिस त्यांचे सहकारी होते. शहराचे अंध सल्लागार यामामोतो काकुमा यांनी मोठा आधार दिला, आणि त्यांची बहीण याए यांच्याशी १८७६ साली नीसिमा यांचा विवाह झाला. ह्या विवाहाने बाईंची नोकरी गेली होती. विरोध असा होता.

शाळेत मुलांस कसे वागवावे हे नीसिमा यांनी कोठे शिकून ठेविले होते, ते १८८० साली दिसून आले. दोन वर्ग एक करण्यावरून विद्यार्थी चिडले व नियम मोडून वर्गाबाहेर राहिले. नियमाप्रमाणे शिक्षा व्हावयास पाहिजे होती. प्रार्थनेच्या वेळी नीसिमा सर्वांसमोर उभे राहिले. दोष विद्यार्थ्यांचा नव्हे व शिक्षकांचाही नव्हे, मुख्य ह्या नात्याने तो आपला आहे, म्हणून शिक्षा आपणच घेतली पाहिजे, असे म्हणून हातातील काठीने त्यांनी आपल्याच हातावर प्रहार करण्यास आरंभ केला. काठीचे तुकडे झाले. विद्यार्थ्यांनी रडत त्यांस आवरले. ते तुकडे दोशिशात पुढे जपून ठेवण्यात आले.

शाळेचे महाविद्यापीठ व्हावे ह्यासाठी ते आजारी असताही वर्गणी जमवीत हिंडले. त्यांची प्रकृती अगोदरच क्षीण होती. १८९० च्या जानेवारीच्या २३ व्या तारखेस ओइसो गावी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांस देवाज्ञा झाली. क्योटो येथे टेकडीवरील स्मशानभूमीपर्यंत विद्यार्थ्यांनी त्यांची शवपेटी आपल्या खांद्यांवर नेली. १९२० साली दोशिशास कायद्याने विद्यापीठाचा पूर्ण दर्जा मिळाला, आणि आजही ते क्योटो येथे चालू आहे.

वाचकहो, नीसिमा यांचे धैर्य आपणां सर्वांस साधेल असे नाही. त्यांच्यासारखे तलवार विकून पुस्तक घेण्याचे प्रसंगही विरळा. परंतु मिस हिडन यांनी जे केले ते आपल्यातील कोणासही करता येण्याजोगे आहे. त्यांनी व्याख्यान दिले नाही, संस्था काढली नाही. एक खोली दिली, आपल्या टेबलाशी एक जागा दिली, आणि परक्या मुलास घरचे मानिले. नीसिमा यांची मोठी बुद्धी खलाशांच्या खोलीतच कुजून जाण्याचा संभव होता. ती वाया गेली नाही, ह्याचे श्रेय हार्डी यांच्या पैशाइतकेच त्या खोलीसही आहे.

ह्या जून महिन्यात कोणत्या तरी खेड्यातील एखादा मुलगा ट्रंक आणि वळकटी घेऊन आपल्या गावाच्या स्थानकावर उतरेल. शाळेत त्याचे नाव दाखल झालेले असेल, पण त्या गावी त्याच्या ओळखीचे कोणी नसेल. मंडळीतील कोणी त्याची विचारपूस केली, रविवारी त्यास जेवावयास बोलाविले आणि ताप आल्यास वैद्याकडे नेले, तर खर्च थोडा होईल. तो मुलगा पुढे कोण होणार हे हिडन बाईंसही माहीत नव्हते.