डॉक्टर रखमाबाई

रखमाबाईंचे नाव काढले की आपल्यापैकी बहुतेकींना खटला आठवतो. तो खटला चार वर्षे चालला. त्यानंतर सुरत आणि राजकोट येथे बायकांचे इस्पितळ त्यांनी चालवले, ते सुमारे पस्तीस वर्षे. स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लिही, असे मंडळातून सांगण्यात आले तेव्हाच मी ठरवले की, खटल्याला थोडी आणि डॉक्टरकीला जास्त जागा द्यायची. आपल्या मंडळात मुलींच्या शिक्षणनिधीचा विषय दरवर्षी निघतो आणि दरवर्षी फीच्या आकड्यापाशीच अडतो, हेही एक कारण आहेच.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. जात सुतार. वडील जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा आई जयंतीबाई जेमतेम सतरा वर्षांची होती. या जातीत विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. मात्र त्याआधी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावे करून दिली. मला या बाईंच्या व्यवहारज्ञानाचे फार कौतुक वाटते. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. तेव्हा घरात पुस्तके होती, डॉक्टर मंडळींची ये-जा होती. पण अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी रखमाबाईंचे लग्न लागले आणि त्यांची शाळा संपली. सासरी त्या गेल्याच नाहीत. पुढचा सगळा अभ्यास घरातच, मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून झाला.

१८८४ मध्ये दादाजींनी बायकोला आपल्या घरी नांदायला पाठवावे म्हणून हायकोर्टात दावा लावला. दुसऱ्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. पुढे अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. वर्तमानपत्रांतून टीकेचा पाऊस पडला. ‘केसरी’ही विरोधात होता. मुली शिकल्या की अशा बिघडतात, हा त्या टीकेचा सूर होता. शेवटी जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. सखाराम अर्जुन मधेच, १८८५ साली, वारले होते.

याच सुमारास, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेली आपली मुलगी एक दिवसही दवाखाना चालवू न शकता गेली आणि आठवडाभरात फॅरनसाहेबांचा निकाल लागला. त्या मार्च महिन्यात कोणी मराठी आईने आपल्या मुलीला डॉक्टरीण करायचे मनात आणले असेल, असे मला तरी वाटत नाही.

आणले ते एका परक्या बाईने. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची खटल्यापासूनच रखमाबाईंच्या पाठीशी होत्या. या बाईंना स्वतःला काय सोसावे लागले होते ते सांगितले पाहिजे. एडिंबरोच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात त्यांनी शिष्यवृत्तीचा मान मिळवला, तर ती शिष्यवृत्ती केवळ बाई म्हणून त्यांना न देता खालच्या नंबराच्या मुलाला दिली. ही गोष्ट १८७० सालची. त्याच वर्षी परीक्षेला निघालेल्या या मुलींवर तिथल्या विद्यार्थ्यांनी चिखलफेक केली. एडिंबरोने पदवी दिलीच नाही. ती स्वित्झर्लंडात, बर्नला मिळवावी लागली. १८८३ अखेर त्या मुंबईत आल्या. दार बंद असले तर कुठून वळसा घालून जायचे, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

रखमाबाई तेव्हा चोविशीच्या. नवऱ्याला सोडलेली, शाळा अकराव्या वर्षी सुटलेली, विज्ञान शिकवायला घरी कोणी उरलेले नाही. अशा मुलीला नुसती फी देऊन काय झाले असते? पीचीबाईंनी आधी तिच्या मनात भरवले की हे तुला जमेल. मग निधी उभा केला. त्यात शिवाजीराव होळकरांनीही पाचशे रुपये दिले. विलायतेत वॉल्टर आणि ईव्हा मॅक्लॅरेन या दांपत्याचा आधार मिळाला. अनोळखी गावात आजारपणात विचारपूस करणारे, सुट्टीत बोलावणारे एक घर असणे किती मोलाचे, हे ज्यांच्या मुली वसतिगृहात आहेत त्यांना मी सांगायला नको.

१८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये नाव घातले. तिथल्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षा बायकांना अजून बंद होत्या, म्हणून रखमाबाईंनी १८९४ मध्ये स्कॉटलंडची परवाना परीक्षा दिली आणि एम. डी. ब्रुसेल्सहून केली. तोच पीचीबाईंचा वळसा!

१८९५ मध्ये त्या सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात आल्या. पण बाया बाळंतपणाला इस्पितळात येईनात. तिथे गेलेली परत येत नाही, असा समज. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून ठेवली, तिचे बाळंतपण तिथेच केले आणि शेळी-करडे सुखरूप आहेत हे बायकांना दाखवले, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा थोडी तिखटमीठ लावलेली, मला ती पटते. लंडनच्या कुठल्या पुस्तकात हा उपाय असणार नाही. आपल्या बायका कशाला भितात आणि कशाने हसतात, हे ज्या बाईला घरातून माहीत, तिलाच तो सुचेल.

१९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाई विधवेसारखी पांढरी वस्त्रे वापरू लागल्या, असे म्हणतात. ज्याच्या घरी तुरुंगाच्या धाकानेही गेल्या नाहीत, त्याच्यासाठी हे का केले असेल? मला याचे उत्तर सापडलेले नाही आणि ओढूनताणून द्यावेसेही वाटत नाही.

सुरतेनंतर त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या जनाना इस्पितळातून निवृत्त झाल्या. १९२९ मध्ये पडदा पद्धतीविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली. पडद्याआड रोगी बाईची नाडीही धड पाहता येत नाही, हे त्यांनी उभा जन्म अनुभवलेले होते. निवृत्तीनंतर त्या मुंबईत परत आल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या वारल्या. ज्या शहराच्या हायकोर्टाने त्यांना तुरुंग दाखवला होता, तिथेच.